गादीतला फोटो

अहो,

अक्षताचा शाळेचा दाखला आणायला गेले आहे, टेम्पो यायच्या आत परत येते. चहा थर्मासमध्ये आहे.

तुम्ही गादीत गुंडाळून ठेवलेला बाबासाहेबांचा फोटो सापडला. नव्या घरमालकाने फोनवर आडनाव विचारलं, तेव्हा नेमकी तुमची रेंज का गेली, तेही कळलं.

तुमची नोकरी गेली, हडपसरचं भाडं झेपत नाही, सगळं मान्य. पण जसलं गाव सोडून तुमचे आजोबा पुण्यात आले, तसल्याच गावात आपण भाडं भरून राहायला चाललोय.

फोटो मी पुन्हा भिंतीवर लावलाय. इथून सगळ्यात शेवटी उतरवा आणि तिथे सगळ्यात आधी लावा. घरमालकाने हाकललंच, तर बाकीचं सामान उतरवायची हमाली तरी वाचेल.

ललिता