कानसेनाचा प्रीॲम्प

रविवार, ३ मार्च

परत तेच! पोरीचा फोन आला, मी ह्याच्यापुढे धरला, ह्याने हात झटकला. "आईशी बोल म्हणावं." तोंड भिंतीकडे. मांडीवर गाण्याच्या नव्या डब्याचं, प्रीॲम्पचं, रंगीत पत्रक.

तोंडावर मी "अहो" म्हणते, "तुम्ही" म्हणते. इथे "हा"च म्हणणार. त्याच लायकीचा आहे.

लेक चांगली नोकरी सोडून नाटकांचे दिवे करायला दूरच्या शहरात गेली. तेव्हा हा म्हणाला, "जायचं तर जा, परत तोंड दाखवू नकोस." तीही ह्याचीच पोर. म्हणाली, "तुम्हाला माणसांपेक्षा मशिनं प्यारी!" झालं. मग थंडीत तिने फोन करून ह्याला स्वतः सांगितलं— "बाबा, मी तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं." स्पीकर चालू होता, मी शेजारी उभी. आणि हा काय म्हणाला? "बरं बरं. घे, आईशी बोल." बरं बरं! दारात आलेल्या भाजीवाल्याला म्हणावं तसं. पोरगी पुढे अर्धा तास नुसती रडत होती.

तेव्हापासून तो विषय मी काढलेला नाही, काढणारही नाही. तिने सांगितलंय, ह्याने ऐकलंय. मी कशाला मध्ये तोंड घालू?

आजची बातमी— ती लग्न करतेय. रजिस्टर. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी. आणि अट घातली आहे. "बाबा स्वतः म्हणाले येतो, तरच या दोघं. नाहीतर तूही नको येऊस, आई. तू एकटी आलेली मला बघवणार नाही."

सोमवार, ४ मार्च

जेवताना सांगितलं. हा बराच वेळ पोळीचा तुकडा कुस्करत बसला. मग म्हणाला, "तिला माझी गरज आहे का?"

गरज नसती तर दर रविवारी फोन कशाला करते! मी ताट उचललं आणि आत गेले.

गुरुवार, ७ मार्च

आज दुकानदाराचा माणूस तीन खोकी टाकून गेला. तीन प्रीॲम्प. घरी लावून ऐका, आवडेल तो ठेवा. पस्तीस वर्षांच्या संसारात मला नको असताना जे शिकवलं गेलं ते असं— गाणं आधी ह्या चपट्या डब्यात जातं, तिथून त्या मोठ्या ॲम्पमध्ये, मग स्पीकरमध्ये. ॲम्प ताकद देतो, प्रीॲम्प "जीव" देतो. जुन्या प्रीॲम्पमधला जीव गेला, असं ह्याचं म्हणणं. सगळंच आता गोधडीखालून आल्यासारखं येतं म्हणे.

मला तर काही फरक दिसत नाही. गोंगाट तेवढा वाढलाय. शेजारीण परवा जिन्यात म्हणाली, "सर हल्ली फारच रंगात असतात हो!" मी हसले. काय करणार?

शुक्रवार, ८ मार्च

ह्या घरात एकही गाणं शेवटापर्यंत वाजत नाही! पहिलं अर्धं मिनिट. थांब. वायर बदल. तेच अर्धं मिनिट. थांब. डबा बदल. मुखडा ऐकून ऐकून मी विटले, अंतऱ्याचं तोंडही पाहिलेलं नाही.

आणि अर्धं मिनिट तरी कुणाचं? लेकीचंच! ती शाळेत असताना ह्याने तिचं एक गाणं घरीच रेकॉर्ड केलं होतं. हौसेने माइक आणला, पडदे लावले, पंखा बंद, मला भांडी घासायची बंदी. सुरुवातीला काहीच नाही, मग खुर्ची जराशी करकरते, मग ती श्वास घेते, आणि गाते. ह्याचं पहिल्यापासूनचं ठरलेलं— "चांगला प्रीॲम्प कुठला, तर ज्यावर तो श्वास ऐकू येतो." सगळी परीक्षा त्या एका श्वासावर.

म्हणजे पोरीचा फोन घ्यायचा नाही, आणि तिचा श्वास दिवसभर तपासायचा! डोक्यात तिडीक गेली माझ्या. म्हटलं, "लाज नाही वाटत?"

"काय?"

"काही नाही!"

रविवार, १० मार्च

मंडळी आली होती. ह्याचे मित्र, तिघं. त्यातले एक व्हॉल्व्हवाल्या ॲम्पचे भक्त, काचेच्या नळ्या पेटल्याशिवाय त्यांना गाणंच ऐकू येत नाही. मी त्यांना दिवेवाले भाऊजी म्हणते. ते सगळे ह्याला कानसेन म्हणतात. कानसेन म्हणेल ते प्रमाण.

कानसेन डोळे मिटून आपल्या खुर्चीत. ती खुर्ची स्पीकरांच्या बरोब्बर मध्ये, तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही. मी पस्तीस वर्षांत बसलेली नाही. पहिला डबा लावला. "श्वास मेला," कानसेन म्हणाला. दुसरा. "ह्यातही नाही." तिसरा. नुसती मान हलवली.

आणि तिघांच्याही माना हलल्या! "खरंय, श्वास नाही." "जरासा आहे, पण कोरडा." दिवेवाले भाऊजी तर म्हणाले, "मी आधीच म्हणणार होतो."

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मध्ये भिंत, दार अर्धं लोटलेलं. तिन्ही वेळा मला लख्ख ऐकू आला! वर्गात पाठ फिरवून फळ्यावर गणित लिहिताना मागच्या बाकावरची कुजबुज पकडणारी बाई मी. दारात येऊन सांगितलं, "अहो, येतोय की श्वास! तिन्हीमध्ये येतोय!"

हसले. चौघंही हसले. "वहिनी, तुम्ही ऐकलीत ती खुर्ची."

मी ज्या पोरीला जन्म दिला तिचा श्वास मला खुर्चीपासून वेगळा कळत नाही! चहात साखर घातली नाही मुद्दाम. प्या म्हटलं.

त्या गडबडीत तिचा फोन येऊन गेला. मी परत केला तेव्हा म्हणाली, "राहू दे आई. मागून बाबांचं चालू आहे ते मी ऐकलं. माझंच आहे ना ते?" मी हो म्हणाले. तिने फोन ठेवला.

बुधवार, १३ मार्च

दुकानात नेलं मला. मी जाणार नव्हते, पण शाळेला सुट्टी होती आणि हा म्हणाला, "चल ना जरा." कसा म्हणाला कोण जाणे. गेले.

दुकानदार गोडबोल्या. आणखी दोन प्रीॲम्प, एक भला थोरला ॲम्प. बदलताना दर वेळी ज्याचं कौतुक चाललेलं त्याचा आवाज हळूच बोटभर वाढवत होता. मी त्याचं बोट बघत होते. पूर्वी ह्याला हे लगेच कळलं असतं. ह्यानेच मला शिकवलं होतं— दोन्ही सारख्याच आवाजात ऐकायचे, मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. आज हा पुढे वाकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत बसला. "हा थोडा बरा," म्हणाला. बोटभर वाढवलेला तो.

मी म्हटलं, "आवाज वाढवलाय त्यांनी."

दुकानदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण हा माझ्यावरच उखडला! रस्ताभर चार पावलं पुढे चालला.

रविवार, १७ मार्च

फोन. घेतला नाही. "नंतर," म्हणाला. कधी नंतर? शुक्रवार उलटल्यावर?

लेक म्हणाली, "ठीक आहे." नुसतं ठीक आहे. ती आरडाओरडा करते तोपर्यंत मला भीती नसते.

मंगळवार, १९ मार्च

साडी काढून ठेवली होती, ती परत आत ठेवली.

शनिवार, २३ मार्च

मी आज त्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. दुपारी, शाळेतून आल्या आल्या, चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, "श्वास येत नाही ना? बसा. डोळे मिटा. मी लावते. श्वास आला की हात वर करा. नाही आला तर सगळी खोकी आजच्या आज परत जातील, आणि तुम्ही पोरीला फोन लावाल."

"तू लावणार?" असा हसला की वाटलं रिमोट फेकून मारावा.

"जुनाच लावते, आपला म्हातारा. मिटा डोळे."

मिटले. मी शेल्फपाशी वाकले. कसल्या त्या वायरी, कसली बटणं! मला हवं ते बटण सापडेना. मी अजून शोधत होते. खोलीत चिडीचूप. वळून पाहिलं तर ह्याचा हात वर. चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू. "आला! बघ, म्हाताऱ्यात अजून आहे जीव."

मी काही सुरूच केलं नव्हतं.

क्षणभर मला वाटलं हा माझी थट्टा करतोय. मग मी बटण दाबलं. खुर्ची करकरली. तिने श्वास घेतला, एवढा मोठा, अगदी माझ्या कानाशी. हा तसाच, डोळे मिटून. तिने पहिली ओळ सुरू केली तेव्हा दचकला.

"तुम्हाला ऐकू येत नाही!" मी ओरडले. "श्वास येत नाही, ती खुर्ची येत नाही, काही येत नाही! पाठ आहे तुम्हाला, बस! अहो, दुखणं कानांना झालंय आणि डबे कसले बदलताय!"

"माझे कान?" उभा राहिला. लालबुंद. "मला तू ऐकू येतेस ना?"

"मी शाळामास्तरीण आहे! मी बहिऱ्यालाही ऐकू जाते!"

मग हा खाली बसला. त्या खुर्चीत नाही, माझ्या स्टुलावर. बारीक आवाज सगळे निसटतात, म्हणाला. बायकांचे, पोरांचे. फोनवर तर नुसती खरखर. वाटलं प्रीॲम्पच गेला.

मला दया यायला हवी होती. नाही आली. सांगायचं ना, माणसा! कानसेन म्हणवून घ्यायची एवढी हौस! त्या हौसेपायी पोरगी तिकडे झुरतेय, मी इकडे जळतेय, आणि हा दुकानं पालथी घालतोय! रात्रीचं जेवण मी केलं नाही. आपल्या हाताने खिचडी टाकली ह्याने. करपवली.

रविवार, २४ मार्च

सकाळी तिच्या फोनच्या आधी मी एकदाचं विचारलंच. म्हटलं, "ते सगळं जाऊ दे. पण थंडीत ती 'चुकलं माझं' म्हणाली, तेव्हा निदान दोन शब्द गोड बोलायला काय झालं होतं?"

ह्याने हातातला पेपर खाली ठेवला.

"चुकलं म्हणाली? कधी?"