दुपारच्या वर्गातली निवडणूक

६ फेब्रु. १९७८, सोम.
शाळेला जायची बेहालाची बस वेळेवर आली. आज नक्की काहीतरी बिघडणार म्हटलं, पण वर्ग झकास झाला. मूलभूत हक्क सुरू केले. संसारातून पुन्हा शाळेत आलेल्या बायकांकडून कलमं घोकून घेणं मला जमायचं नाही. विचारलं, घरात शेवटी कोण जेवतं? सगळ्या हसल्या. मालती पदराआडून म्हणाली, "हे हक्कात येतं, दिदिमणि?" येतं, म्हटलं. शेजारी तिची सासू बसलेली, तरी म्हटलं.

सासू म्हणजे आमच्या मासिमा, सगळ्या वर्गाच्या मावशी. बायकोला एकटीला शाळेत पाठवणार नाही म्हणाला मुलगा, म्हणून या सोबतीला आल्या. आठवडाभर विणत बसल्या. मग म्हणाल्या, बसायचंच आहे तर मलाही पुस्तक द्या. त्यांचीही शाळा लग्नापायी सुटलेली. आता दोघी एका बाकावर, शालान्त परीक्षेला बसणार.

८ फेब्रु., बुध.
शाळेच्या कमिटीचा निरोप: दुपारी खोली शिवणवर्गाला हवी, तुम्ही संध्याकाळी या. चूल पेटवायच्या वेळी कोण येणार, कपाळ! म्हणजे वर्ग बंदच. मुख्याध्यापिका, बडी दिदिमणि, म्हणाल्या, तुम्ही कमिटीशी बोला. मी नाही बोलणार. ज्यांचा वर्ग त्यांनी बोलावं. प्रतिनिधी निवडू.

१० फेब्रु., शुक्र.
हात वर करून मतदान. सगळे हात मासिमांसाठी, पहिला मालतीचा. मी भडकले. हे मत नव्हे, हा वाकून नमस्कार झाला. सोमवारी चिठ्ठ्या टाकू, गुपचूप.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बाईसाहेब, तुम्हाला हवा तो निकाल येईपर्यंत निवडणूक घेणार का?" चहा ओतून दिला.

१३ फेब्रु., सोम.
बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या. मागच्या बाकावरून मालतीचं नाव सुचवलं. ती नको नको करत राहिली आणि मासिमांना थोडक्या मतांनी हरवून निवडून आली. मला आनंद लपवता येईना. आणि मालती रडायलाच लागली. "रद्द करा, दिदिमणि." मासिमांनी पिशवी उचलली आणि चालू लागल्या. मागून मालती.

१५ फेब्रु., बुध.
दोघींचा बाक रिकामा. साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? मासिमा नाहीत तर सोबत नाही, सोबत नाही तर मालतीची शाळा नाही. लोकशाही शिकवायला गेले आणि पोरीला घरी बसवलं.

बाकीच्या म्हणतात, मासिमांनाच निवडून टाकू, दोघी येतील. सोपं आहे. नाही करणार. एकदा मोजलेली मतं पुसली तर उद्या ह्या बायकांना हक्क कुठल्या तोंडाने शिकवू?

१८ फेब्रु., शनि.
गेले त्यांच्या घरी. मासिमांनी मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, दिली, चहा दिला, माशांच्या भावावर बोलल्या. मालती दारामागे उभी. शेवटी मीच विषय काढला.

"तिला निवडलंत ना," मासिमा म्हणाल्या. "मग माझं काय काम?"

म्हटलं, हरलेल्यालाच जास्त काम. निवडून आलेल्याला प्रश्न विचारायचे, गाफील राहू द्यायचं नाही. विरोधी पक्ष नसेल तर ती कसली लोकशाही.

"म्हणजे सुनेच्या चुका काढायच्या?"

हो म्हटलं, पण सगळ्यांसमोर, आणि तिला उत्तर द्यायची मुभा हवी. त्यांनी माझ्यापुढे आणखी मुडी ओतली. येते म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत.

२० फेब्रु., सोम.
आल्या! दोघी. मासिमा पहिल्यांदाच वेगळ्या बाकावर, मालतीच्या बरोब्बर समोर. काय प्रश्न विचारले बाईने! संध्याकाळी का नको? अर्धी खोली दिली तर चालेल का? शिवणवाल्यांचा हक्क नाही का? मालती अडखळली, रडकुंडीला आली, तिसऱ्यांदा मात्र चोख उत्तर दिलं. एवढी उलटतपासणी मलाही नसती जमली. परत येताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारचे गृहस्थ सरकून बसले.

२४ फेब्रु., शुक्र.
कमिटीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. पंखा बंद, लोडशेडिंग.

आत मालती एकटी. मी आणि मासिमा बरोबर जाणार होतो. दाराशी मासिमा थांबल्या. म्हणाल्या, मी आत असले तर ती तोंड उघडणार नाही, सवयच नाही तिला. तुम्हीही नका जाऊ, दिदिमणि, ती तुमच्याकडे बघत बसेल. मुकाट्याने बसले.

आधी नुसते पुरुषांचे आवाज. आणि मग मालती. आधी हळू, मग स्वच्छ, मग इतकी मोठ्याने की बाहेरचा शिपाई वळून बघायला लागला. आत कोणीतरी तिला थांबवायला गेलं, ती थांबली नाही.

मासिमा कान देऊन ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"इतकी वर्षं माझ्या घरात आहे," म्हणाल्या, "हिला एवढा आवाज आहे?"

दार अजून उघडलेलं नाही.