पंपावर चार तास

नांदेड, ११ ऑगस्ट १९८४

प्रिय सिद्धराम,

तुझं पत्र मिळालं. नव्या जिल्ह्यात पाट्या बदलल्या, साहेब वाढले, पाणी अजून टँकरचंच, असं लिहिलंस. वीस तारखेला कारखान्यात आपल्या स्फटिकांची पहिली मोठी टाकी स्वतः उभं राहून तापवणार, असंही. इथे आठ दिवस झड आहे. वह्यांची पानं वाकली.

ते पांढरे स्फटिक आठवतात. अगदी कोरडे असले तर तापवूनही रेणूंची साखळी सुरूच होत नाही. पाण्याचा अंश मिळाला की होते. त्याहून थोडं जास्त झालं की साखळ्या एकमेकींत अडकतात, आम्लाचा वायू सुटतो, आणि बंद नळीत त्याला जायला वाट नसते. हे तू मला शिकवलंस. तेव्हा आपण एका डब्यात जेवत होतो. तुझ्या घरी ते कळलं, त्यावर मी कधी लिहिलं नाही. आजही लिहीत नाही.

तू नमुना मागितलास म्हणून मंगळवारी मी नळी तापवली. माझ्या प्रबंधात आहे तसंच सगळं: स्फटिक सुकवायला पंपावर चार तास, मग बंद नळीत अडीचशे अंश. आपले शिपाई लिंबाजीमामा म्हणाले, ताई, तुमी सरका, म्या बघतो. नळी फुटली. त्यांचा उजवा डोळा गेला. दवाखान्यात त्यांच्या बायकोने, सरजामावशींनी विचारलं, नळीत काय व्हतं? मी म्हटलं, पाणी. त्यांना ते खोटं वाटलं.

काल तार केली, टाकी तापवू नकोस. तू कारण विचारशील. दुष्काळात तू लातूरला गेलास, त्यानंतर नळ कोरडा होता. पाण्याच्या जोरावर हवा ओढणारा आपला पंप दोन महिने बंद होता. शेवटच्या बारा नळ्यांचे स्फटिक मी मे महिन्याच्या कोरड्या उन्हात गच्चीवर, पातळ कापडाखाली सुकवले. बाराही साधल्या. प्रबंधात गच्ची लिहिता येईना. चार तास हा आकडा मी बसवला. तो कोणी मोजलेला नाही, आणि या झडीच्या ओल्या हवेत तो पुरला नाही. तुझी टाकी त्यावर उभी आहे. सकाळी माझे मार्गदर्शक माधवराव सर यांना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, कुठे लिहू नकोस, पदवी जाईल. तुझे साहेब पुरावा मागतील. हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. म्हणून सही पूर्ण करते आहे.

तुझीच, अजूनही,
पंचशीला नरसिंग सोनकांबळे