नावाच्या कोऱ्या जागा

माझा उजवा हात यापुढे लिहिण्याच्या कामाचा राहणार नाही, हे गेल्या बुधवारी मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. ताल्या रोसमन यांनी नक्की केले. डोके मात्र ठणठणीत आहे, हेही त्यांनीच लेखी दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. म्हणजे मृत्युपत्राला जे लागते ते शाबूत आहे आणि मला जे लागत होते ते गेले.

तेव्हा मी, मेनाहेम सुलेमान बदीही, वय ८१, धंदा तोरा-लेखक, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हाताने लिहिणारा, राहणार नाहलाओत, जेरुसलेम, कोणी भरीस घातलेले नसताना, कोणाला घाबरून नव्हे आणि कोणाला खूश करण्यासाठी तर मुळीच नव्हे, माझ्या मागे काय व्हावे ते सांगतो. अॅडव्होकेट हदासा पेरेट्झ टिपून घेत आहेत. त्यांना मी आधीच बजावले आहे की देवाचे चार अक्षरी नाव या कागदात कोठेही येता कामा नये. ते एकदा लिहिले गेले की कागद फाडता येत नाही, टाकता येत नाही. माणसासारखा तो जमिनीत पुरावा लागतो. आणि वकिलांचे कागद पुरायला आमच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि समोरचे कामाचे दुकान, माझी मुलगी नआमा हिला. बँकेत जे असेल तेही तिलाच. सहा वर्षे तिने मला जेवू घातले, औषधे दिली आणि माझी बोलणी खाल्ली. दर महिन्याला दार वाजवून "आजोबा, घर विकायचंय का?" असे विचारणाऱ्या परदेशी गृहस्थाला तिने घर देऊ नये. दिलेच तर त्याच्याकडून मी त्याला दिलेल्या शिव्यांचीही किंमत घ्यावी.

कलम दोन. बोरू, चाकू, शाईचे दगड, चामडे घासायचे शंख हे सर्व शेजारच्या गल्लीतील लेखनशाळेला. ओळी आखायची हस्तिदंती दाभण यात नाही. ती माझा धाकटा भाऊ सालेम बदीही, आमच्या गल्लीतल्या सिनेगॉगाचा मोरी म्हणजे धर्मगुरू, याने मागून नेली, त्याला तीस वर्षांहून जास्त झाली. ती त्याने ठेवून घ्यावी. परत आणून देण्याचे उपकार करू नयेत.

अंगणातील तरतरी आणणाऱ्या गातची दोन झुडपे मला शेजारी औषधविक्रेते गिदोन अराकी यांना द्यायची होती, कारण शब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी पाने चघळत माझी गाऱ्हाणी एवढ्या वर्षांत त्यांनीच ऐकली. परंतु ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे अॅडव्होकेट पेरेट्झ म्हणतात. गिदोन म्हणाले, "मग मी साक्षीदार नाही होत." मी म्हणालो, "मग बाजारातून विकत आणून चघळ." ते साक्षीदार आहेत.

कलम तीन. हेच मुख्य आहे, बाकीचे त्याच्या आजूबाजूचे.

दुकानातील लाकडी पेटीत तोराची एक पूर्ण गुंडाळी आहे. माझी पत्नी लुलवा वारली त्या वर्षी तिच्या नावाने मी ती लिहायला घेतली. पूर्ण म्हटले तरी ती पूर्ण नाही. आमच्या घराण्याची रीत अशी की सगळा मजकूर लिहीत जायचे आणि नावाची जागा प्रत्येक ठिकाणी कोरी सोडायची. नंतर कुंडात बुडी मारून, शुद्ध होऊन, बसून सगळी नावे भरायची. प्रत्येक वेळी आधी तोंडाने म्हणायचे की हे मी नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो. नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कोणाशी बोलायचे नाही, राजाने सलाम केला तरी मान वर करायची नाही. बुडी मारायला जायचे ठरले त्याच आठवड्यात हातातून चहाचा पेला सुटला. गुंडाळीत हजाराहून जास्त जागा तशाच कोऱ्या आहेत. चामडे, शाई आणि भोके, एवढेच आज ते आहे.

लुलवाने शेवटच्या दिवसांत एकच मागितले होते. तिच्या नावाची तोरा आमच्याच गल्लीतल्या प्रार्थनागृहात, सालेमच्या सिनेगॉगात जावी. तिला ते का हवे होते हे समजायला हदासाबाईंना सगळे सांगावे लागले, म्हणून येथेही सांगतो.

माझा मुलगा उरीएल विद्यापीठात प्राचीन भाषा शिकला. आमच्या सिनेगॉगात ज्याला वाचायला चौथऱ्यावर बोलावतात तो आपला भाग स्वतः वाचतो, आणि एक स्वर चुकला तरी चारी बाजूंनी ओरडून सुधारतात; सहा वर्षांचे पोरही आजोबाला सुधारते. नावाच्या ठिकाणी लिहिलेले असते एक आणि वाचायचे असते दुसरे: 'माझा स्वामी' असे आम्ही म्हणतो. लिहिलेले कसे उच्चारायचे ते जेरुसलेमचे प्राचीन मंदिर पडल्यापासून कोणी म्हणत नाही, आणि बहुतेकांना माहीतही नाही. एका शब्बातला उरीएलने ते म्हटले. हळू नाही, चांगले खणखणीत.

कोणीही ओरडून सुधारले नाही. मग सालेमने मेजावर थाप मारली.

"काय वाचलंस रे?"

"लिहिलंय तेच वाचलं, काका."

"तुला वाचायला बोलावलं होतं. उकरायला नाही."

"बाबांच्या हातचं अक्षर आहे. विचारा त्यांना."

ती गुंडाळी माझीच होती. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "सालेम, पोराला उतरू दे. घरी बोलू."

"दादा, घरचं घरी बोल. इथं दार कुठं आहे ते त्याला ठाऊक आहे."

तेवढ्यात वर बायकांच्या जाळीमागून लुलवाचा आवाज आला. "भाऊजी, तुमच्या घरी चूल पेटत नव्हती तेव्हा माझ्या दाराला कडी नव्हती हो. आठवतंय, की ते पण पुसलंत?" बायकांपैकी कोणीतरी तिला खाली बसवले. जाहीर पश्चात्ताप केल्याशिवाय उरीएलला वर बोलवायचे नाही, असे सालेमने ठरवून टाकले. उरीएलने त्याहून मोठे ठरवले. तो परत आला नाही, आणि 'माझा स्वामी' हा शब्द त्याने त्या दिवसापासून तोंडात घेतलेला नाही.

लुलवा गेली तेव्हा तो आईसाठी कद्दीश, म्हणजे मृतासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, म्हणायला आला, दाराबाहेर उभा राहिला. सालेम आतून म्हणाला, "एक वाक्य बोल, आत ये." उरीएल म्हणाला, "चूक नव्हती काका, खोटं कसं बोलू? तेही देवाच्या दारात?" मुलगा जिवंत असताना तिचे कद्दीश मी म्हटले. दोघांनीही मला नंतर येऊन सांगितले की त्यांना फार वाईट वाटले. मी दोघांना कॉफी दिली, वेगवेगळ्या दिवशी.

माझे मत कोणी विचारलेले नाही, पण मृत्युपत्र माझे आहे. सालेम दार राखतो, आत काय आहे ते त्याला म्हणता येत नाही. उरीएलला ते म्हणता येते, पण आत कोणी राहते यावर त्याचा विश्वास नाही. शिवाय त्याच्याच खात्यातल्या एक बाई म्हणतात की त्या नावातला दुसरा स्वर वेगळा आहे, आणि त्या दोघांचे बोलणे बंद आहे. या नावामुळे माणसे एकमेकांशी बोलायची थांबतात, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. मी साठ वर्षे ते लिहिले. एकदाही उच्चारलेले नाही. उरीएलने एकदा विचारले होते, "बाबा, कानात सांगू?" मी नको म्हणालो. जे हाताला येते ते तोंडाला यायलाच हवे, असे मला कधी वाटले नाही.

तर अट अशी. नावे सालेमनेच भरावीत. त्याचे अक्षर माझ्या अक्षरासारखे आहे, कारण त्याचा हात धरून मीच ते गिरवून घेतले. दुसऱ्या कोणाचे शोभणार नाही. समोर बसून ओळ वाचून देण्याचे काम उरीएलने करावे. पाहून वाचणारा एक आणि लिहिणारा एक, अशी वडिलांपासून आमची पद्धत आहे. लहानपणी येमेनमध्ये एकाच पुस्तकाभोवती पाच पोरे बसायची म्हणून मी समोरच्या बाजूने, उलटे वाचायला शिकलो आणि उरीएललाही शिकवले, त्यामुळे मेजाच्या पलीकडून एकच प्रत पुरेल. प्रत्येक कोऱ्या जागेपाशी उरीएलने 'माझा स्वामी' असेच म्हणावे, दुसरे काही नाही. आणि सालेमने त्याच्या तोंडून ते ऐकून मगच बोरू टेकवावा. टेकवल्यावर चार अक्षरे संपेपर्यंत सालेमला बोलता येणार नाही. हजाराहून जास्त वेळा माझा भाऊ माझ्या मुलासमोर गप्प बसेल. हे मला पाहायला मिळणार नाही, एवढेच दुःख आहे.

एकाने जरी नकार दिला, तरी दुसरा लेखक शोधायचा नाही. गुंडाळी तशीच, नावाविना, मातीच्या मडक्यात घालून माझ्या शेजारी पुरावी.

या अटीवर नआमाने माझ्याशी भांडण केले. तेही नोंदवतो, कारण अंमलबजावणी तिच्याकडे आहे.

"काका एकटे बसून दोन महिन्यांत भरून देतील. आईची तोरा आत जाईल. कशाला अडवताय?"

"मग ती पुन्हा त्याच्या मेहेरबानीवर आत जाईल."

"आणि दोघंही हटून बसले तर? आईनं मागितलं होतं, तुम्ही त्यावर जुगार खेळताय बाबा."

"हो."

"हो काय? नुसतं हो?"

"तिला तोरा आत जायला नको होती गं. तिला पोरगा आत जायला हवा होता. तोरा तिनं मागितली कारण तेवढंच मागता येत होतं."

त्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि मेथीची चटणी एवढी तिखट केली की मला जेवता आले नाही. अट तशीच आहे.

कलम चार. उरीएलला यापलीकडे काही नाही. सालेमलाही नाही. कोणी हा अन्याय समजून कोर्टात गेले, तर त्यांनी एकत्र जावे.

अॅडव्होकेट पेरेट्झ यांच्या सल्ल्याविरुद्ध या मृत्युपत्राच्या प्रती मी जिवंत असतानाच, उद्या सकाळी, दोघांना पाठवल्या जातील. सालेम दुपारच्या प्रार्थनेपूर्वी येथे येऊन "दादा, तू मला पोराच्या हाताखाली बसवतोस?" असे ओरडेल, अशी अपेक्षा आहे, ओरडून झाले की चामडे कसे टिकले आहे ते पाहायला तो पेटी उघडेल, आणि कोऱ्या जागा पाहिल्यावर त्याला झोप लागणार नाही. त्याच्याबद्दल मला चिंता नाही. उरीएल येणार नाही. तो नआमाला फोन करून म्हणेल की हे भावनिक दडपण आहे. नआमाने त्याला समजावू नये, आईचे नाव काढू नये, फक्त दिवस सांगावा. माझ्या मृत्यूनंतरचा शोकाचा महिना संपला की पुढच्या रविवारी सकाळी दुकान उघडेल. मेजाच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची असेल. सूर्य मावळेपर्यंत दोन्ही भरल्या नाहीत, तर नआमा दार लावेल आणि दफनसंस्थेला कळवेल. मडक्याचे माप कुंभाराला दिले आहे. तो गुरुवारी आणून देणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही वाकडी आहे, ती माझीच आहे.

(सही) मेनाहेम सुलेमान बदीही

आम्ही साक्षीदार लिहून देतो की मृत्युपत्र करणाऱ्यांनी आमच्या समक्ष सही केली. अंगठा चालेल असे सांगूनही त्यांनी ऐकले नाही. हात स्थिर होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

(सही) अॅड. हदासा पेरेट्झ
(सही) गिदोन अराकी, औषधविक्रेता

जेरुसलेम, सोमवार, १३ हेश्वान ५७८३, ७ नोव्हेंबर २०२२