हातात राहिलेला पत्ता

अव्वा, रविवारी मी स्पर्धेत पत्ते खेळले. सात रस्त्याच्या चौकात एक खेळण्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर. तुझी लेक, पन्नाशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवणारी, कॉलेजातल्या पोरापोरींमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पत्ते पिसत होती, आणि शेजारच्या टेबलावर तुझे जावई. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती पुण्याला नोकरी करते, आणि हे खूळ तिनंच घरात आणलं. दिवाळीला आली ती पत्त्यांचे दोन डबे घेऊन. हे पत्ते आपले बदाम-इस्पिकचे नव्हेत. एकेका पत्त्यावर एकेक राक्षस नाहीतर जनावर, खाली त्याची ताकद आकड्यात लिहिलेली, आणि प्रत्येकानं आपला जोड आधीच निवडून, बांधून आणायचा. दोघांनी समोरासमोर बसायचं, दोघांनाही सुरुवातीला सारखेच गुण, आणि समोरच्याचे गुण आधी शून्यावर आणेल तो जिंकला. एवढंच आहे. मुलीनं शिकवलं, ती गेली, आणि ह्यांना लागलं की वेड! रोज जेवणं झाली की टेबल पुसून डाव तयार. "ये की, किती भांडी घासतीस?" म्हणून हाका. मीही बसायची. बहुतेक डाव तेच जिंकायचे.

तुला आपली बार्शीची खोली आठवते का, तू आहेस तिथं काय आठवायचं असतं मला ठाऊक नाही. अप्पा धान्याच्या आडतीवर कामाला, रविवारी दुपारी मोकळे. स्वयंपाकघरातच पोतं पसरून आपण तिघं पाच-तीन-दोन खेळायचो, कारण चौथं माणूस नव्हतं. चुलीची धग अजून असायची, तुझ्या हातांना पिठाचा वास यायचा आणि पत्त्यांनाही. अप्पा हरले की ओरडत नसत. ओरडले असते तर परवडलं असतं. ते टोपी घालायचे, बाहेर पडायचे, आणि मग दोन दोन दिवस जेवण आडतीवरच. घरात आले तरी आपण दोघी तिथं नाहीच, असं वागायचे. म्हणून ते हरत नसत. हे मला कळलं तेव्हा मी पाचवीत असेन. अप्पांनी बदामचा राजा टाकला होता. मी तुझ्या मांडीला टेकून बसले होते, तुझे पत्ते मला दिसत होते. तुझ्याकडं बदाम नव्हता, हुकूम मात्र होता, सरळ कापता आलं असतं. तू किलवरची अठ्ठी टाकलीस. मी मोठ्यानं म्हणाले, "अव्वा, तुझ्याकडं हुकूम हाय की!" अप्पांनी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पुढचा पत्ता टाकला.

संध्याकाळी भाकरी थापताना, मागं वळूनही न बघता, तू मला झापलंस. "तोंड लई सुटलंय तुझं. सुम्न कूड, गप बस जरा." मी विचारलं, मग तू मुद्दाम का हरतेस? तू म्हणालीस, "जिंकून काय लोणचं घालायचंय? घरात एकानं हरायचं असतंय. मी हरते, घर चालतंय." तव्यावरची भाकरी फुगली, तू ती माझ्या ताटात टाकलीस, वर शेंगाची चटणी. विषय संपला. अशा गोष्टी आया मुलींना शिकवत बसत नाहीत म्हणतात. खोटं आहे. दोन वाक्यांत शिकवून मोकळ्या होतात.

तुला खेळता येत नव्हतं असं मात्र नाही हं. अप्पा गेल्यावर, वर्ष उलटलं असेल, मी माहेरी आले होते. दुपारी तूच ट्रंकेतून पत्ते काढलेस. दोघींतच रमी खेळलो. तू मला असं धुतलंस की बस्स. एकामागून एक डाव, मला श्वास घेऊ दिला नाहीस, आणि तोंडावर हसू नाही की काही नाही, डोळे नुसते पत्त्यांवर. मी म्हणाले, अगं, इतकी वर्षं कुठं होतं हे? तू पत्ते गोळा केलेस, रबर लावलं, ट्रंकेत टाकलेस. परत कधी काढले नाहीस.

रविवारचं सांगते. दुकानदाराची मुलगी स्पर्धेचं सगळं बघत होती. कानाला पेन, हातात मोबाइल, कोण कुणाशी खेळणार ते त्यातच निघायचं. मला म्हणाली, "काकू, टेन्शन नका घेऊ. हारलं तरी कोनी घरी जात नाही हितं. चारी राउंड सगळ्यांनी खेळायचे, मज्जा करायची." इकडं तुझे जावई सगळ्यांना सांगत सुटले होते, आमच्या घरातला चॅम्पियन मीच, आमच्या बाई गणितवाल्या असून माझ्याशी टिकत नाहीत. पहिल्याच फेरीत मिसरूड फुटलेल्या एका पोरानं त्यांचा पार भुगा केला. मी माझ्या टेबलावरून बघत होते, आता चेहरा उतरणार, आता 'चल घरी' म्हणणार. तर हे खो खो हसले! त्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे भल्या माणसा, हे कसं केलंस ते दाखव की परत." आणि खुर्ची ओढून शिकत बसले. मी हे बघितलं, अव्वा. डोळ्यांनी बघितलं. पण परक्यांकडून हरणं वेगळं, बायकोकडून वेगळं, असं मनाशी म्हणून मी माझे पत्ते पिसले. अप्पाही आडतीवर दोस्तांकडून हसत हसत हरायचे.

तिसऱ्या फेरीत मोबाइलनं आम्हा दोघांनाच समोरासमोर बसवलं. पोरं गोळा झाली. "काकू, सोडू नका काकांना!" डाव चांगला रंगला. शेवटी ह्यांचे तीन गुण उरले होते, आणि माझ्या हातात एक पत्ता होता, समोरच्याचे थेट तीन गुण खाणारा. तो टाकायचा, संपलं. मला विचार करावा लागला असं सांगितलं तर खोटं ठरेल. माझ्या हातानं दुसराच पत्ता उचलला, कसल्याशा कासवाचा, काही उपयोगाचा नसलेला, आणि टेबलावर ठेवला. पुढच्या चालीला ह्यांनी मला संपवलं. टाळ्या झाल्या.

आता मला माहीत नव्हतं की तिथं एक रीत आहे. डाव संपला की दोघं आपापल्या हातातले उरलेले पत्ते उलटून दाखवतात. काय होतं, काय करता आलं असतं, यावर गप्पा मारतात. आपल्याकडं असं नव्हतं, आपण पत्ते लगेच गड्डीत मिसळायचो. मीही तेच करायला गेले, तेवढ्यात हे उत्साहानं म्हणाले, "थांब थांब, बघू तुझ्याकडं काय होतं," आणि माझ्या हातातले पत्ते उलटे केले. तो पत्ता वरच होता. त्यांनी तो वाचला. परत वाचला. मग अगदी हळू विचारलं, "हा होता?"

"लक्षात नाही आलं," मी म्हणाले.

"तीनातनं तीन गेले किती, हे गणिताच्या बाईंच्या लक्षात नाही आलं?"

पोरांपैकी कुणीतरी हसलं. हे हसले नाहीत. उठले, त्या मुलीकडं गेले आणि म्हणाले, "ह्या जिंकल्या. माझं नाव चुकून लिहिलंय, खोडा ते." ती म्हणाली, "काका, कसं काय?" ते म्हणाले, "मी सांगतो की." तिनं खोडलं. चौथ्या फेरीत चष्मा लावलेल्या एका मुलीनं मला सरळ हरवलं. सगळं लावून खेळले आणि हरले. किती वर्षांनी खरंखुरं हरले असेन! त्या अवस्थेतही मला त्याची गंमत वाटली.

घरी येताना स्कूटरवर हे गप्प. मला वाटलं, झालं, आता दोन दिवस. सिग्नलला थांबलो तेव्हा मान थोडी मागं वळवून विचारलं, "घरी पण असंच करत होतीस?" मागची रिक्षा हॉर्न मारायला लागली. स्कूटर पुढं घेता घेता ते म्हणाले, "आणि कुठं कुठं हरलीस?" रागानं नाही, अव्वा. राग असता तर मला त्याचं काय करायचं ते येतं. त्यांचा आवाज घाबरलेल्या माणसाचा होता. मला भराभर आठवलं. मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती, मी म्हणाले होते, नको बाई, रोज एसटीनं कोण जाईल, पाठ दुखते. पाठ दुखत नव्हती. त्यांना माझा पगार, माझी खुर्ची वरची झालेली सोसणार नाही असं मीच ठरवलं होतं. घर घेताना मला दुसरं आवडलं होतं. मुलीचं नावसुद्धा. त्यांनी यातलं काहीच मागितलं नव्हतं. मी अठ्ठी टाकत गेले आणि समोर अप्पा बसलेत असं समजत राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाला एकदाही हरून बघू दिलं नाही. तुझा राग आला मला. खूप आला. तुला कारण होतं, मला ते नव्हतं, आणि हे तू मला सांगायला हवं होतंस.

"कुठं नाही," मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले. "आजच. पोरं बघत होती म्हणून."

"बरं," ते म्हणाले.

त्या रात्री ते नीट जेवले. सोमवारपासून डाव पुन्हा सुरू झाला. आणि तेव्हापासून रोज मीच जिंकते आहे. मी खरं खेळते, शपथ. ते कपाळाला हात लावतात, "मेलो की गं" म्हणतात, आणि हातातले पत्ते पालथे टाकून पाणी प्यायला उठतात. रोज. आधी मला वाटलं, मी मन लावून खेळते म्हणून. काल मात्र शंका आली. ते आत माठाजवळ होते, त्यांचे पत्ते माझ्यासमोर पडलेले, हात लांबवला की उलटता आले असते. आता तर ती रीतही मला माहीत आहे.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून लिहिते. मी ते पत्ते उलटले नाहीत. अप्पांनीही तुझे कधी उलटले नसतील. जिंकायला बरं वाटतं, अव्वा, खोटं असलं तरी.