सगळ्या सरळ रेषा तपासल्यावर

सर, काल मी तुमच्याच वर्गात, तुमच्याच फळ्यावर तुमची चूक सांगितली. बहुपदी अनंताकडे कशा वाढतात, हा तुमचा गाजलेला तास तुमच्या दर स्मृतिदिनाला कोणीतरी जुना विद्यार्थी जसाच्या तसा घेतो. यंदा पाळी माझी होती. आमच्या वर्गातला पाथरीचा, आता निवृत्त हेडमास्तर, आदल्या दिवशी बजावून गेला, "बाई, सरांचंच सांगा. त्यांच्या घरच्या काकू पुढं बसणार हायत. माणूस गेला, चूकबी गेली." मी म्हटलं, "गेली कुठं? दरसाल शिकवायलाव की तुमी."

तो तास मला अजून दिसतो. आरंभबिंदूपासून चहूकडे तुम्ही छत्रीच्या काड्यांसारख्या रेषा काढता. प्रत्येक सरळ रेषेवर किंमत वाढत अनंताला जाते, तेव्हा लांब कुठंही गेलं तरी ती मोठीच असणार, असं म्हणून हात झटकता. पूर्णेहून गाडीनं येणारी मी मागच्या बाकावरून उठते. "सर, सरळ न जाता वळत गेलं तर?" तुम्ही वळूनही बघत नाही. "सगळ्या दिशा तपासल्या. आता राहिलं काय, हवा? बस खाली." पोरं हसतात. दुसऱ्या दिवशी मी उदाहरण घेऊन तुमच्या टेबलाशी आले: y मधून x चा वर्ग वजा करा आणि आलेल्याचा पुन्हा वर्ग करा. कोणतीही सरळ रेषा घ्या, किंमत शेवटी अनंतालाच जाते. पण y म्हणजे x चा वर्ग, त्या पॅराबोलावरून चाला, कितीही लांब जा, ती शून्यच. तुम्ही कागद वाचलात. नीट वाचलात, हे मी पाहिलं. मग म्हणालात, "पेपरात हे लिहू नकोस, मार्क जातील." मी तेच लिहिलं. मार्क गेले. मला त्याचं आजही काही वाटत नाही. वाचूनही पुढच्या वर्षी तुम्ही तेच शिकवलंत, याचं वाटतं.

म्हणून काल आधी तुमच्या रेषा काढल्या, एकही गाळली नाही, आणि मग त्यांना छेदत पॅराबोला काढला. हेडमास्तर खाली मान घालून बसला. काकूंनी विचारलं, "म्हणजे यांचं चुकलं होतं?" मी म्हटलं, "हो, चुकलं होतं." त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच तेवढं ऐकत नाहीत." सगळा वर्ग हसला. मीही हसले.

गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पोरांच्या डोक्यात खोटी गोष्ट भरायला मी तयार नाही, ती तुमची असली तरी.

शेवटी "काही शंका?" असं विचारलं. कोणी उठलं नाही, नुसत्या टाळ्या पडल्या. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिते: भांडायची सगळी तयारी करून गेले होते मी, सर. तुमच्याशीच.