दोन लाल धाग्यांची चादर

उमरेड,
ता. ८ जानेवारी १९७६

चि. मार्तंड यास अनुसयाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. इकडे ठीक. आईचा खोकला तसाच आहे, बाबाचा माग बंद आहे. तुझ्यासारखं स्टोअरकीपरी शुद्ध मले लिहिता येत नाही, बोलते तशीच लिहून राहिली.

अक्षर मात्र सुंदर आहे गा तुझं. एवढ्या सुंदर अक्षरात एवढी घाण मी पहिल्यांदाच वाचली. "भागीरथाबाईने न विचारता चादर उचलली, असे लिहून सही करून पाठव, म्हणजे चौकशी मिटेल." वा गा वा! बाप जाऊन महिना नाही झाला, अन् स्टोअरकीपर साहेबाले चादरीची चिंता पडली.

वरून लिहितो, गर्दीत आपलेच बाबा आहेत हे तुझ्या लक्षात आलं नाही. मंग मीच लक्षात आणून देते.

नाक्यावर बाबा अन् मी एसटीतून उतरलो अन् ट्रकनं बाबाले उडवलं. मी रिक्षात घालून सरळ तुमच्या दवाखान्यात आणलं. म्हटलं, आपला मार्तंड तिथं आहे, काळजी काहून करायची! कंपाउंडरनं मांडी पाहाले धोतर कैचीनं कापलं. डॉक्टर आला, "हाड मोडलंय, थांबा," म्हणाला अन् गेला. व्हरांड्यात, फरशीवर, उघडे. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत, डिसेंबरच्या थंडीत. लोक ओलांडून जात होते. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला, पाहिलं, अन् चहाले गेला. बाबा दोन्ही हातानं स्वतःले झाकून पडले होते. पायाची कळ सोसवत नव्हती, तरी हात काढत नव्हते. मी पदर टाकाले गेली तं म्हणाले, "तू तिकडे पाह्य वं."

तवा मी स्टोअरात तुझ्याकडे धावली. तुझ्या बाजूले साहेब उभे होते. तू मले काय म्हटलं, आठवते?

"काय पाहिजे, बाई?"

सख्ख्या बहिणीले! मी तुमच्या साहेबासमोर चादर मागितली. तू म्हटलं, उद्या इन्स्पेक्शन आहे, नव्या चादरी कोणाले द्यायच्या नाहीत. रिकाम्या खाटांवर अंथरून ठेवल्या होत्या, एक सुरकुती नाही. खाटेले चादर अन् माणसाले फरशी. लय हुशार कारभार गा तुमचा.

अन् चादरी कोणाच्या? बाबानं दारातूनच ओळखल्या. आपल्या विणकर सोसायटीतून गेलेल्या. काठापाशी दोन लाल धागे टाकाची त्याईची सवय तुले लहानपणापासून माहीत आहे. "अनु, आपली चादर पाह्य," म्हणाले. त्या हालतीत खूश झाले ते, मार्तंड.

तुमची झाडूवाली भागीरथाबाई तिथंच झाडू मारून राहिली होती. तिनं झाडू ठेवला, खाटेवरची चादर ओढली अन् बाबाच्या अंगावर घातली. कोणाले विचारलं नाही, कोणाले सांगितलं नाही. बाबा मात्र काठ जखमेपासून दूर धरून राहिले. "नवी हाय, रक्त लागन."

मंग मले विचारलं, "मार्तंडनं देली का?"

हे मी आईलेही सांगितलं नाही. मी "हो" म्हटलं. त्याईच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. तीन दिवस ते वार्डात ज्याले-त्याले सांगत होते, "माह्या पोरानं पांघरवली." तेच म्हणत गेले.

अन् पोरानं काय केलं? चादर डागली म्हणून रिपोर्ट लिहिला. तुझ्या बापाचं रक्त होतं गा ते! त्या रिपोर्टावर भागीरथाबाई आज घरी बसली आहे, अन् तू बढतीची वाट पाहून राहिला.

सही मी करणार नाही. येत्या सोमवारी चौकशीले मी येऊन उभी राहीन. माझ्या अगोदर तू बोलायचं, "चादर मी दिली." तीनच शब्द आहेत. बढती जाईल तं जाऊ दे. त्या बाईची नोकरी राहीन, अन् बाबा जे खोटं ऐकून गेले ते खरं होईन. नाही बोलला, तं मी बोलीन, अन् तू मले काय म्हटलं तेही सांगीन.

आईनं आशीर्वाद कळवले आहेत. तिनं सांगितले म्हणून लिहिले.

तू ओळखली नाही ती बाई,
अनुसया